पायाला मुंग्या आणणारा पॉवर सप्लाय

३ जून
आजपासून रोज डायरी. पाय चोळायच्या नव्या मशीनसाठी पॉवर सप्लाय निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. अंगाला लागणारी वस्तू आहे, सेफ्टीचे नियम नीट वाचा, म्हणाले. मशीन पास झालं की डिझाइन विभागाचा प्रमुख मीच. संकल्प : नियमांचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचणे.

५ जून
एक पान झालं. लिहिणाऱ्याला भाषेची जाण नाही. उरलेलं घरी निवांत वाचेन.

८ जून
स्वतःची पद्धत शोधली. ज्याच्या लेबलवर खुणा जास्त, तो सप्लाय सुरक्षित. एकावर तर खुणांना जागा पुरेना. तोच घेतला. खरेदी विभागातल्या बाई म्हणाल्या, त्यातली काट मारलेली कचरापेटी म्हणजे कचऱ्यात टाकू नका एवढंच. म्हणजे टिकाऊ! शिवाय हा कॉम्प्युटरसाठीचा आहे म्हणे. कॉम्प्युटर माणसापेक्षा नाजूक. त्याला चालतं ते पायाला का चालू नये?

१२ जून
दोन नमुन्यांतला एक घरी आणला, दुसरा चाचणी केंद्रात पाठवला. सासऱ्यांचे पाय दुखतात, म्हणून पहिला मान त्यांचा. धातूच्या पट्टीवर पाय ठेवताच मुंग्या आल्यासारखं होतं म्हणाले. रक्ताभिसरण! जाहिरातीत टाकायला हवं. ही म्हणाली, बाबांना करंट लागतोय. ही शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकी ज्ञान.

१३ जून
ऑफिसातून आल्याआल्या सासऱ्यांना विचारलं. मुंग्या गेल्या, फार बरं वाटतं म्हणाले. शरीराला सवय होते, हे मी म्हणालोच होतो. रिपोर्टात घातलं.

१७ जून
सासरे रोज दुपारी वापरतात. रोज बरं वाटतं. ही आजकाल वाद घालत नाही. पटलं असणार.

१९ जून
चाचणी केंद्रात मशीन नापास. करंटची गळती जास्त. तिथल्या बाई म्हणाल्या, "सप्लाय चांगला आहे हो, पण चुकीच्या मशीनमध्ये बसवलाय." माझंही तेच झालंय. माणूस चांगला, कंपनी चुकीची.

२० जून
साहेब भडकले. मी डगमगलो नाही. माझे सासरे जिवंत पुरावा आहेत, म्हणालो. बघायला येतो म्हणाले. येऊ देत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

२२ जून, दुपार
साहेब आले. सासरे खुर्चीत, पाय मशीनवर, डोळे मिटलेले. साहेबांनी बटण दाबलं. काहीच नाही. वाकून बघतात तर वायरला पिनच नाही.

"पहिल्याच दिवशी मी कापून टाकली," ही म्हणाली. "बाबांना म्हटलं, तुम्ही बरं वाटतं म्हणत जा. उगाच यांचं मन मोडायला नको."

साहेब उठले. चहा तसाच राहिला. जाताना दारातच खरेदीच्या बाईंना फोन लावला. सप्लाय आता त्या निवडणार. विभागही त्याच बघणार.

फार लागलं मनाला. पण खचून चालायचं नाही. शिवाय गळती शून्य असलेलं मशीन आजतरी फक्त माझ्याच घरात आहे. ठरवलं, आत्ताच्या आत्ता दुसरं पान वाचायचं. पुस्तक सापडेना. शेवटी दिसलं. मशीनखाली होतं. ओढायला गेलो तर सासऱ्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "राहू द्या, जावईबापू. त्यानेच तर बरं वाटतंय. उंची अगदी बरोबर आलीय."