भावकीतली वाट

६ जून
पुढच्या जागेत आज चिरे उतरले. बाळाभाऊजींनी, ह्यांच्या चुलतभावाने, जागा विकली तेव्हा म्हणाले होते, "वहिनी, तुमची वाट राहणार. बोललोय मी बिल्डरशी." आज बिल्डरच्या माणसाला विचारलं. तो म्हणे, कुठली वाट? कागदावर तर काही नाही.
कागदावर कुठून असणार? घर बांधलं तेव्हाच मी म्हटलं होतं, लिहून घ्या. हे भडकले. "भावाकडून कसलं लिहून घ्यायचं गो? लोक शेण घालतील तोंडात." झालं. विषय संपला.

१४ जून
भिंत छातीपर्यंत आली, एवढीच उंच ठेवणार म्हणे. वाट बंद. आता मागून, शेजारच्या सोसायटीची भिंत आणि ही नवी भिंत यांच्यामधल्या बोळातून, गटारावरून. मी अंग आडवं करून जाते. ह्यांचा वॉकर शिरतच नाही.

२ जुलै
फिजिओवाली म्हणते, काकांना रोज रस्त्यावर चालवा. बाई, आधी रस्त्यापर्यंत पोचवा. हे पडवीत फेऱ्या मारतात. पडवी संपली की वळतात. अर्धांगातून उठले ते ह्या पडवीसाठी?
सिलिंडरवाला रस्त्यावरूनच ओरडतो, "काकी, आलाय, न्या." डोक्यावर नेऊ?
पुढच्या इमारतीचा बोर्ड लागला. सागरगंध. समुद्र तिकडे मांडवीला, ही इथे आमच्या नाचणे गावातल्या कातळावर.

११ जुलै
बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला, तोही बोळातूनच. "काकी, ह्या वयात कशाला त्रास? आम्हीच घेतो ना घर." आता कळलं वाट कुठे गेली ती. पेढे गोड होते, खोटं कशाला बोलू.
लेकीचा फोन. तीही तेच, देऊन टाका, फ्लॅट घ्या. हे उठून पडवीत फेऱ्या मारायला गेले.

३० जुलै
भाऊजींचं नाव काढलं तर हे म्हणाले, "त्याला काय बोलू नकोस." पडवीत कोंडून घेईन, पण भावाला बोलणार नाही. मला रडू आलं. रागाचं.

१५ ऑगस्ट
सगळ्या भावकीचा गणपती एकच, आमच्याकडे. मूर्ती आणायची पाळी फिरती. ज्याची पाळी त्यानेच चित्रशाळेतून डोक्यावरून आणायची, वाटेत टेकवायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, थेट पाटावर. यंदा पाळी बाळाभाऊजींची.
म्हटलं, यंदा मूर्ती लहान सांगूया, बोळातून यायचीय. हे म्हणाले, "असते तेवढीच." आणि परत पेपरात डोकं. ह्यांच्या मनात काहीतरी आहे. विचारलं नाही.

२६ ऑगस्ट. हरतालिका
दुपारी झांजा ऐकू आल्या. भाऊजी सवयीने जुन्या वाटेनेच आले. सागरगंधच्या गेटातून सरळ आत, आणि भिंतीसमोर थांबले. झांजाही थांबल्या.
मग मागे बोळाकडे गेले. डोक्यावर मूर्ती, दोन्ही हात वर, गटारावरून आडवं चालणार कसं? परत भिंतीपाशी. हे वॉकर घेऊन अंगणात उतरले होते.
"दादा, घे रे वरून. हात भरून आले."
"पाळी तुझी. पाटावर तूच ठेवायचीस."
आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना असं बोलताना मी पाहिलं नव्हतं. बरं वाटलं. मग भाऊजी मूर्ती सावरत या पायावरून त्या पायावर होताना दिसले आणि वाईटही वाटलं.
झांजवाल्यांतलं कोणीतरी म्हणालं, वरचे चिरे काढूया. वॉचमन म्हणाला, भिंतीला हात लावायचा तर सायबांना, म्हणजे बिल्डरला, विचारायला लागेल. त्यानेच फोन लावून भाऊजींच्या कानाशी धरला. भाऊजी आधी हळू बोलत होते. मग सगळ्यांदेखत, मोठ्याने: "वाट होती हो इथे. जागा माझी होती, मी सांगतोय ना, होती."
हे एकदम वॉकर सोडून भिंतीपाशी गेले. मी धावले. पण पडले नाहीत. भिंतीवरून हात लांब करून मूर्तीला खालून आधार दिला. घेतली नाही. नुसता आधार.
बिल्डर येतोय म्हणे. भिंत फोडायला की आम्हाला दम द्यायला, कोण जाणे. तबकातलं निरांजन विझलं म्हणून मी आत आलेय, तेवढ्यात हे खरडलं. मूर्ती अजून पलीकडेच आहे. दोघांनी धरलेली.