अर्धी भाकर

भंडारा, रविवार संध्याकाळ. करडीला, सासरच्या गावी, भाताची रोवणी चालू.

फादर म्हणाले, माफी माग. नाही मागणार.

नवरा बौद्ध, लग्न कोर्टात केलं, म्हणून दोन वर्षं मला कम्युनियन, चर्चमधली ती पवित्र भाकर, बंद. सगळे रांगेत पुढे जातात, मी बाकावर बसून राहते. आज सासूबाई करडीहून आल्या होत्या, हौसेनं माझ्यासोबत चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला आल्या. रांग लागली तशी मला न विचारताच उठल्या. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." त्या म्हणाल्या, "हो." नाण्याएवढी ती पांढरी भाकर हातावर घेऊन सरळ माझ्याकडे आल्या आणि तिचे दोन तुकडे केले. नखांत रोवणीचा चिखल तसाच होता.

"घे. तुले काहून नाही देऊन राहिले? माह्या बापाले असंच पंगतीबाहेर बसवत होते."

मी खाल्लं. सगळ्यांसमोर.

नंतर फादर दारात चिडून म्हणाले, हा काही वाटून खायचा प्रसाद नाही. सासूबाईंचं चुकलं, कळतं मला. लहानपणी धर्मशिक्षणात सगळं पाठ केलंय. पण हेही पाठ केलंय ना, की ख्रिस्तानं शेवटच्या जेवणात भाकर घेतली, मोडली आणि दिली? आज चर्चमध्ये माझ्यासाठी ती कोणी मोडली? जिच्या नखांत चिखल होता त्या बाईनं.

पापनिवेदनाला बसले कधी, तर बाकीचं सगळं सांगेन. रागावले, खोटं बोलले, सगळं. हा अर्धा तुकडा पाप म्हणून सांगणार नाही.