शिवपुत्रास पक्के लायसन्स न देण्याबाबत

प्रति,
मोटार वाहन लायसन्स अधिकारीसाहेब,
सोलापूर, यांचे सेवेशी

अर्जदार : गुरुबसप्पा शिवलिंगप्पा उंबरजे, वय ४६, धंदा ट्रक ड्रायव्हर, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर.

विषय : अर्जदाराचा मुलगा शिवपुत्र, वय २०, याची सोमवार दि. २१ रोजीची ड्रायव्हिंगची परीक्षा तूर्त घेऊ नये व त्यास पक्के लायसन्स देऊ नये याबाबत.

संदर्भ : अर्जदाराने गेल्या सोमवारी आपल्या कार्यालयात समक्ष येऊन केलेली तोंडी विनंती.

महोदय,

अर्जदार गेली एकोणीस वर्षे एका भुसार व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. त्याच्या लायसन्सवर आजतागायत एकही शेरा पडलेला नाही. परंतु ज्या गोष्टींवर शेरा पडावयास हवा होता त्या रस्त्यात घडल्या, आणि त्या पाहणारा एकच साक्षीदार गाडीत होता. तो म्हणजे अर्जदाराचा मुलगा.

शिवपुत्र पाच वर्षांचा असल्यापासून अर्जदार त्यास रविवारी मांडीवर घेऊन गाडी चालवीत असे. पोराचे हात चाकावर, अर्जदाराचे हात पोराच्या हातांवर. पहिल्याप्रथम त्याला हॉर्न सापडला. पुढे टांगा असो, बैलगाडी असो, तो हॉर्नवरचा हात काढीत नसे आणि अर्जदारास त्याचे भारी कौतुक वाटे. मग "अप्पा, त्याला मागं टाका की!" असे तो ओरडू लागला, व अर्जदार खरोखरच मागे टाकू लागला. वळसंगला पोहोचेपर्यंत किती गाड्या मागे टाकल्या ते पोरगे बोटांवर मोजी आणि घरी आईस सांगे. पाटीवर अक्षर गिरवण्याआधी त्यास ड्रायव्हर लोकांच्या शिव्या पाठ झाल्या होत्या. त्याची आई काशम्मा रागावे, तेव्हा अर्जदार हसून म्हणे, "ड्रायव्हरचं पोरगं हाय, भजन म्हणंल का?"

पोर नऊ वर्षांचे असताना एका टेंपोवाल्याने साइड दिली नाही म्हणून अर्जदाराने त्यास पुढे जाऊन अडविले व भांडावयास खाली उतरला. पाठीमागून कोणी तरी सदरा ओढला. वळून पाहतो तो शिवपुत्र. दोन्ही हातांनी जॅकची लोखंडी टामी उचलून तो उभा होता. "हे घ्या, अप्पा," म्हणाला. अर्जदाराने ती टामी घेतली. मारली नाही, पण घेतली, हे येथे नमूद करणे भाग आहे.

आता मूळ प्रकरण. दि. ९ ऑक्टोबर रोजी वळसंगच्या अलीकडे शिवपुत्र शिकाऊ लायसन्सवर ट्रक चालवीत होता व अर्जदार शेजारी बसला होता. डोक्यावर वांग्याची पाटी घेतलेल्या मल्लव्वा नावाच्या वृद्ध बाई रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. रस्ता मोकळा होता. तरी शिवपुत्राने हॉर्न दाबून धरला आणि गाडी मुद्दाम बाईंच्या अंगाजवळून काढली. बाई दचकून चरात पडल्या व त्यांचे उजवे मनगट मोडले. अर्जदाराने "थांब, थांब," म्हणून ब्रेक मारावयास लावला. शिवपुत्र खिडकीतून डोके काढून बाईंना म्हणाला, "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का गं?"

साहेब, ते वाक्य अर्जदाराचे आहे. शब्द तेच, हेलही तोच. आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकून अर्जदार गाडीतून उतरला व बाईंकडे धावला.

बाईंस दवाखान्यात पोहोचविले. दोन दिवसांनी अर्जदार एकटाच त्यांच्या घरी माफी मागावयास गेला. हाताला प्लास्टर घालून त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या कानडीत जे बोलल्या त्याचा मतलब असा : "बाबा, तुझ्या ट्रकला मी वळखते. लई वर्षांमागं तू बी मला असंच चरात घातलं हुतंस. तवा पोरगं तुझ्या मांडीवर हुतं. त्यानं टाळ्या वाजवल्या, आन् तू त्याचा मुका घेतलास." अर्जदारास हा प्रसंग मुळीच आठवत नाही. असे किती प्रसंग आठवत नसतील, या विचाराने त्यास तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

घरी येऊन त्याने मुलास जाब विचारला. मुलगा म्हणाला, "मी काय येगळं केलं? तुमीच की शिकवलं." तेव्हा अर्जदाराने ठरविले की, जे दाखवून शिकविले ते दाखवूनच मोडावे. महिनाभर मुलास शेजारी बसवून तो सावकाश गाडी चालवू लागला. मागच्यास साइड दिली, गुरे जाईपर्यंत थांबला. खेपांना उशीर होऊ लागला, तेव्हा मालक म्हणाले, "गुरुबसप्पा, ट्रक चालवतोस का वरात काढतोस?" शिवपुत्र खिडकीबाहेर तोंड करून बसे. "अप्पा, लोक हसत्यात," एवढेच म्हणे. आणि एके दिवशी रेल्वे फाटकात अर्धा तास खोळंबल्यावर एक जीप रांग मोडून पुढे घुसली, तेव्हा अर्जदाराच्याच तोंडून जुनी शिवी बाहेर पडली. शिवपुत्र त्याच्याकडे बघून हसला. महिन्याची सारी मेहनत त्या एका हसण्यात गेली.

गेल्या सोमवारी आपल्या कार्यालयातील कारकूनसाहेबांनी अर्जदाराचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले व सांगितले की, मुलगा सज्ञान आहे, बापास हरकत घेता येत नाही. पोलिसांत नोंद असेल तर विचार होईल. अर्जदार चौकीवर गेला. तेथे समजले की, शेजारी पक्के लायसन्सवाला तोच बसला होता, सबब पहिला गुन्हा त्याच्यावरच. अर्जदार त्यासही तयार होता. परंतु त्याचे लायसन्स गेले तर मालक त्याच ट्रकवर शिवपुत्रास बसविणार. लायसन्स राहिले तर मालक शिवपुत्रास नवीन ट्रक देणार, तसा शब्द त्यांनी दिलेला आहे. अर्जदार कोणत्याही बाजूने गेला तरी मुलगा चाकावर बसतोच.

परीक्षेत गाडी मागे घेता येते का, चढावर थांबविता येते का, हे पाहतात. त्यात तो पास होईल. त्याचा हात अर्जदारापेक्षा साफ आहे. पण पुढे म्हातारे माणूस आडवे आले की तो काय करतो, हे मैदानात दिसणार नाही. म्हणून परीक्षा निदान सहा महिने पुढे ढकलावी. तसेच अडत बाजारात आजही ड्रायव्हर मंडळी लेकरांना मांडीवर घेऊन गाड्या हलवितात, त्यास सक्त मनाई करावी. त्या लेकरांचे हात चाकावर असले तरी डोळे बापाच्या तोंडाकडे असतात.

हा अर्ज लिहिण्यास कोर्टाबाहेरील अर्जनवीस तयार झाला नाही. "बाप हायेस का वैरी?" म्हणाला. अर्जदार कानडी शाळेत दुसरीपर्यंत शिकलेला. त्यास मराठी लिहिता येत नाही. घरात मराठी लिहिणारा एकटा शिवपुत्रच, मॅट्रिक पास. शेवटी आज दुपारी अर्जदाराने त्यालाच समोर बसविले. हे अक्षर शिवपुत्राचे आहे.

विषय ऐकून त्याने पेन फेकले व बाहेर गेला. तासाभराने आला, पेन उचलले व लिहू लागला. मल्लव्वांचे बोलणे लिहिताना थांबला. "टाळ्या वाजवल्या म्हणाल्या? मी?" अर्जदार म्हणाला, "व्हय." त्याने ते लिहिले. सगळे लिहून झाल्यावर तो म्हणाला, "अप्पा, हे खरं हाय. पण माझंच का थांबवायचं? ज्यानं शिकवलं त्याचं चालूच ऱ्हाणार व्हय?"

अर्जदार उठला, ट्रंकेतून आपले लायसन्स काढले व मुलापुढे ठेवले. "हे बी अर्जाला जोड."

शिवपुत्राचा चेहरा उतरला. "तसं न्हवं, अप्पा. घर कसं चालंल?"

"ते न्हाय म्हाईत. तू लिही."

त्याप्रमाणे लिहिले आहे; अर्जदाराचे लायसन्सही जमा करून घ्यावे, ही विनंती. काशम्मास अजून काही सांगितलेले नाही. शिवपुत्र सोमवारी परीक्षेस येणार की नाही, ते त्याने सांगितले नाही व अर्जदाराने विचारले नाही. उद्या सकाळी सहा वाजता मंगळवेढ्याची ज्वारीची खेप आहे. ट्रकची किल्ली अर्जदाराच्या खिशात आहे आणि मालक त्याची वाट पाहणार आहेत.

आपल्या हुकुमाच्या प्रतीक्षेत,
गुरुबसप्पा शिवलिंगप्पा उंबरजे
(सही कानडीत)

अर्ज लिहिणार : शिवपुत्र गुरुबसप्पा उंबरजे

सोलापूर, शुक्रवार, दि. १८ नोव्हेंबर १९७७

सोबत : अर्जदाराचे ड्रायव्हिंग लायसन्स, मूळ प्रत.