यानाला गोवर

६ जानेवारी २०२५, सोमवार

अस्मिताचं खोकं आलं. हैदराबादहून. मला वाटलं साडी — निघालं अंतराळयान! ठोकळे जोडून बनवायचं, सातशे बारा तुकडे. शिवाय फोनवर हुकूम — माळ्यावरचा माझा जुना ठोकळ्यांचा डबाही काढ, बाबांना सुटे ठोकळे खेळायला होतील.

खेळायला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला.

कल्पना नमिताची, ह्यांना व्यायाम द्यायला येते ती. जुलैत झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात तेवढा चालता ठेवायचाय. शब्द एकच उरलाय — 'चला'. चहा हवा, 'चला'. चहा नको, 'चला'. डास चावला तरी 'चला'.

९ जानेवारी, गुरुवार

पुस्तिका एकशे साठ पानांची आणि एक शब्द नाही! नुसती चित्रं. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मला शब्द लागतात. चित्र उलटं की सुलटं इथूनच सुरुवात.

हे शेजारी खुर्चीत. तळोज्याच्या कारखान्यात सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात झाली — चेकर. म्हणजे दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! मी म्हणायचे, मला हे काम फुकट जमलं असतं. ऑफिसचा कागद मात्र कधी घरी आणला नाही. काय करायचे, कसं करायचे, मी कधी विचारलंही नाही.

आज माझ्याकडे बघत होते, पुस्तिकेकडे की भिंतीकडे, देव जाणे.

१३ जानेवारी, सोमवार

यानाचं पोट झालं, एक पंख झाला. माझं मत लिहून ठेवते. यान दिसायला इस्त्रीसारखं. आत दोन माणसं पाठीला पाठ लावून बसतात, म्हणजे प्रवासभर एकमेकांची तोंडं बघायला नकोत — हे एक बरं केलंय. पण दारच नाही! गेले कुठून आत? आणि नाक भलं मोठं, जड, एका इवल्या बिजागरीवर लटकवलेलं. वर केलं की पडतं, वर केलं की पडतं. असल्या यानातून मी सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंतसुद्धा जाणार नाही.

मोठ्याने म्हणाले हे सगळं. पूर्वी ह्यांनी वाद घातला असता. फार वाटलं, कोणीतरी वाद घालावा.

१५ जानेवारी, बुधवार

ह्यांना नवीनच नाद. जुन्या डब्यातले एका टिकलीएवढे गोल ठोकळे डाव्या हाताने उचलायचे आणि यानावर बसवायचे. पिवळे पण, लाल पण. कुठेही. संध्याकाळी सगळे काढून डब्यात टाकले. छान करड्या रंगाचं यान, त्याला कावीळ कशाला?

१६ जानेवारी, गुरुवार

परत लावले. परत काढले.

१८ जानेवारी, शनिवार

आज मी ह्यांना मारलं.

दुसरा पंख जोडायला तीन तास लागले. पाणी प्यायला उठले, येते तो पंखाच्या मुळाशी लाल टिकल्या. एक, दोन, तीन. मी काढल्या, ह्यांनी पुन्हा लावल्या. काढल्या — लावल्या. मग माझा हात उठला. फटकन, ह्यांच्या चालत्या हातावर.

माझ्याकडे बघितलं. 'चला' म्हणाले. हात मांडीवर ठेवला तो रात्रीपर्यंत उचलला नाही.

एकोणचाळीस वर्षांत ह्यांनी माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. लाज वाटते.

२० जानेवारी, सोमवार

डॉक्टरांकडे. सहा महिने उलटले, आता जे यायचं ते आलं म्हणाले. चाचणी घेतली — डोळे मिटा, पेन दाखवा. ह्यांनी काही केलं नाही. खिडकीबाहेर बघत बसले. मी टिकल्यांचं सांगितलं. "अशा पेशंटना एकच कृती पुन्हा पुन्हा करायची सवय लागते. त्यात अर्थ शोधू नका." बरं, नाही शोधत.

येताना रिक्षात ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मला वाटलं, हे डोकं आता रिकामं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

बाथरूममध्ये ह्यांना उठवताना दोघंही पडलो. वरच्या मजल्यावरचा रणजीत आवाज ऐकून आला, म्हणून उठलो तरी. माझी कंबर गेली.

अस्मिता फोनवर रडली, मग शांतपणे बोलली. पनवेलच्या पुढे एक केंद्र आहे, नर्स आहेत, एक तारखेला खाट रिकामी होतेय. आई, बाबांना आता घर काय आणि केंद्र काय, कळतंय का? मी म्हटलं, नाही कळत.

हे मी म्हटलं.

२७ जानेवारी, सोमवार

यान पुरं झालं. टाळ्या वाजवायला कोण? नाक पडलंच.

हे पुन्हा टिकल्या लावायला लागलेत. मी काढत नाही आता. राहू देत, चार दिवस.

३१ जानेवारी, शुक्रवार

बॅग भरली. सहा लुंग्या, तीन शर्ट, चष्मा. चष्मा कशाला, असं मनात आलं आणि तरी भरला.

हे दिवसभर यानाशी. जेवायला उठेनात, टेबलाशीच भरवलं. तोंडात घास आणि हात चालूच. यान फिरवून फिरवून बघायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, मग टिकली. अख्ख्या यानाला गोवर आलाय. चार वाजता थांबले. यान माझ्यापुढे सरकवलं, टेबलावर दोनदा बोट आपटलं. 'चला.'

मी म्हटलं, हो, छान झालंय. लहान मुलाला म्हणतात तसं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठेवून आले.

गाडीत बसताना 'चला' म्हणाले. अस्मिता दिवसभरासाठी आली होती; म्हणाली, बघ आई, तयार आहेत ते. मीही तेच धरून बसले.

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन कप चहा टाकला. एक मोरीत ओतला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी देवजी आला. ह्यांच्या ऑफिसात ड्रॉइंगच्या प्रती काढायचा, तळोज्याजवळच्या गावातला. आता त्याची स्वतःची गाडी आहे, भाड्याने फिरवतो. आजारपणाचं त्याला परवा कळलं म्हणे. पिशवीत वाल आणले होते. केंद्राचं सांगितलं आणि सरबत करायला आत गेले.

बाहेर आले तर हा यानासमोर वाकलेला.

"वहिनी, ह्ये सायबांनी चेक केलाय ना?"

म्हटलं, काय चेक?

"पिवला म्हंजे बरोबर हाय. लाल म्हंजे चुकलाय. आमचे हापिसात हरेक ड्रॉइंगवर सायेब आशाच खुना करायचे. पिवल्या नि लाल पेन्सिलीनं. वीस वर्सां मी ह्येच बगत आलोय."

सरबताचा पेला त्याच्या हातात दिला की टेबलावर ठेवला, आठवत नाही. मी त्याला म्हटलं, अरे, त्यांना काही कळत नाही, डॉक्टर म्हणालेत. तो पंखाच्या मुळाशी बोट ठेवून म्हणाला, ह्यो बगा ना, हितं उलटा बसलाय.

पुस्तिका काढली. एकोणनव्वदावं पान. डाव्याचा तिरका तुकडा मी उजव्याला लावलाय आणि उजव्याचा डाव्याला. तीन लाल टिकल्या, बरोबर तिथेच. ज्यांच्यासाठी मी हात उगारला, त्याच तीन.

पुढची पानं उघडायचं धाडस झालं नाही. देवजी गेला, त्याला नीट निरोपही दिला नाही. गाडीत बसताना म्हणालेलं 'चला' सारखं ऐकू येतंय. ते 'हो' नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पुस्तिका घेऊन बसले, पहिल्या पानापासून. लाल टिकल्या बारा. अकरा टिकल्या माझ्या चुकांवर. बारावी नाकाच्या बिजागरीवर. ते पान चार वेळा पाहिलं — मी बरोबर जोडलंय. तिथे चूक कंपनीची!

अस्मिताला फोन केला. विचारलं नाही, सांगितलं — ह्यांना घरी आणतेय. ती म्हणाली, तुझ्या कंबरेचं काय? म्हटलं, बघू.

देवजी गाडी घेऊन खाली आलाय. यान बरोबर नेतेय, नाक हाताने वर धरून.