बर्नरला दहापैकी किती

३ मे २००४, सोमवार
बर्नर आला. डीव्हीडी लिहिणारा, आठपट वेगाचा. मासिकाच्या त्साय बाईंना यावर परखड परीक्षण हवंय. अख्ख्या तैपेईत परखड माणूस एकच आहे. शिकवणीवर्गात फिजिक्स शिकवतो, तोच.
यंत्र मेहुण्याने दिलंय. वेन-पिनचं पुलाखालच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान आहे. खोका आधीच उघडलेला. दुकानदार कधी कोरी वस्तू देईल तर शपथ.
सुरुवातीचे गुण : दहापैकी आठ. मी उदार आहे.

४ मे
ट्रे उघडताना खाकरतो. एक गुण कमी.
डिस्कचा दर्जा पाहून हा स्वतःच वेग कमी करतो. त्याला कोणी विचारलं? सोय बंद केली. आठपट म्हणजे आठपट.
वेन-पिनचा फोन. आठपट वेगाला डिस्क चांगली वापर, नाहीतर चौपटीने लिही, म्हणाला. शाळेत तो सायन्समध्ये दोनदा नापास झाला होता. हे मी त्याला सांगितलं नाही. बायकोला, यू-च्येनला, सांगितलं. ती म्हणाली, माझ्या भावाचं नाव काढू नकोस.

६ मे
खरी परीक्षा ठरली. यू-च्येनची आजी, सासऱ्यांची आई, म्हणजे आमा, हिचं वर्षश्राद्ध १६ तारखेला सासऱ्यांकडे आहे. आमाच्या ऐंशीव्या वाढदिवसाची व्हिडिओ टेप आहे. शेवटी ती गाते. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. सासऱ्यांना तो श्राद्धाच्या दिवशी ऐकायचाय, खास त्यासाठी नवा प्लेअर घेतलाय.
डिस्क मी करणार, असं जाहीर केलं. यू-च्येनने आधी माहेरी फोन केला. मग म्हणाली, टेप पुढच्या आठवड्यात आणून देते. आजच का नाही, हे मी विचारलं नाही. माहेरचा कारभार.

१० मे
टेप आली, सोबत सासूबाईंनी हिरवी पुडी पाठवली. नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ. यंत्रावर ठेवला की यंत्र शहाण्यासारखं वागतं म्हणे. पुडी हिरवीच हवी, फोडायची नाही, मुदत संपलेली चालत नाही. बँकांपासून इस्पितळांपर्यंत सगळे ठेवतात. मी फिजिक्सचा माणूस आहे.
टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवली. उतरवून झाल्यावर रेकॉर्डरने ती चावली. ती कशी सोडवली, हे इथे लिहायची गरज नाही. कात्री लागली एवढंच. फाइल सुखरूप आहे.

११ मे
पुडी खाल्ली. बरी होती.

१२ मे
पहिली डिस्क वाया. दुसरी वाया. डिस्क स्वस्तातल्या आहेत, पण चांगलं यंत्र खायला काय मिळालं याची तक्रार करत नाही. गुण : चार.
यू-च्येन म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, अंगणालाही गुण द्यावे लागतात.
तिसरी डिस्क जमली! लिहिलेलं शेवटपर्यंत तपासण्याची सोय आहे, पण ती स्वतःवर विश्वास नसणाऱ्यांसाठी. सुरुवातीचं एक मिनिट पाहिलं. आमा केक कापते. उरलेलं त्याच डिस्कवर आहे, जाणार कुठे?
हार्डडिस्क भरली होती. फाइल पुसली.

१४ मे
परीक्षण लिहून पाठवलं. शेवटचं वाक्य : ‘हे यंत्र माणसाळवायला माझ्यासारखाच माणूस लागतो.’ त्साय बाई नक्की नियमित सदर देणार.

१६ मे, रविवार
उदबत्त्या लावून झाल्या. नैवेद्य दाखवला. सगळे टीव्हीसमोर बसले, सासरे अगदी पुढे, स्टुलावर. मी बर्नरच्या दोषांबद्दल चार शब्द बोललो. डिस्क लावली.
केक कापला. टाळ्या झाल्या. आमाने गायला तोंड उघडलं आणि तिचे चौकोन चौकोन झाले. मग पडदा निळा.
सासरे निळ्या पडद्याकडेच बघत राहिले. त्यांनी प्लेअरचा आवाज वाढवून पाहिला.
मला लाज वाटली. तीसुद्धा त्या यंत्रामुळेच.
सासूबाई म्हणाल्या, “आ-येन, पुडी ठेवली होतीस ना मशीनवर?”
हो म्हणालो.
“खाल्ली त्याने,” यू-च्येन म्हणाली.
सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. नंतर टेप कापल्याचं सांगावं लागलं, तेव्हाही इतकं बघितलं नाही.
मग वेन-पिन उठला आणि त्याने खिशातून डिस्क काढली. आमा पूर्ण गायली. सूर एकही लागला नाही. सासरे दोन्ही हातांनी गुडघ्यांवर ताल धरून बसले होते आणि रडत होते. संपल्यावर म्हणाले, परत लाव.
ती डिस्क त्याने याच बर्नरवर लिहिली होती, माझ्याकडे पाठवण्याआधी. चौपट वेगाने. टेपही आधी त्याच्याकडेच गेली होती. यू-च्येनने नेली होती, सहा तारखेच्याही आधी. म्हणजे मी डिस्क करणार असं जाहीर केलं तेव्हा डिस्क झालेली होती, आणि ती शेवटपर्यंत चालते याची पुन्हा एकदा खात्री करून मग टेप मला खेळायला दिली.
वेन-पिन मला एक शब्द बोलला नाही. टोमणा मारला असता तर निदान उत्तर देता आलं असतं.
घरी येताना यू-च्येनला विचारलं, माझ्यावर एवढाही भरवसा नाही? ती म्हणाली, “तुझ्यावर आहे रे. तुझ्या हातात काही दिलं की नसतो.”

१७ मे
त्साय बाईंचा निरोप. परीक्षण छापणार नाहीत. याच बर्नरला इतर सगळ्यांनी नऊ दिलेत. विकले गेलेले असणार सगळे.
बर्नर परत नेऊन द्यायला निघालो, तर तो टेबलावर नव्हता. यू-च्येनने सकाळीच भावाकडे पोचवला होता.
शिकवणीहून आलो. माझ्या खुर्चीवर हिरवी पुडी ठेवलेली. खुर्चीवर यंत्र नसतं, तिथे फक्त मी बसतो.
मुदत पाहिली. पुढच्या वर्षापर्यंतची आहे. बघूनच आणली असणार.
फोडली नाही. मांडीवर घेऊन बसलोय.