पानातला अडसर

प्रिय,

तू तुझ्या ताईकडे गेल्यापासून घर नीट ठेवलं आहे, त्याची काळजी नको. तुला झोप लागते का, हे ताईंना दोनदा विचारलं. त्या नुसतं ‘बरी आहे’ म्हणतात. सकाळी देवापुढे उभा राहतो. मागायचं काय, ते मात्र सुचत नाही. तसाच हात जोडून कामावर जातो.

प्रयोगशाळेतली ती पालेभाजीची रोपं तुला आठवत असतील. पानात जीवनसत्त्व तयार करणाऱ्या प्रथिनाचा निरोप पेशीत अख्खा लिहिलेला असतो. पण खऱ्या मजकुराच्या आधी एक छोटी ओळ असते. जीवनसत्त्व पुरेसं असलं की प्रथिन बनवणारी यंत्रणा त्या ओळीतच अडकते, पुढचं वाचलंच जात नाही. पानाला कमी पडू लागलं की वाट मोकळी होते. काही रोपांतली ती ओळ आम्ही कापून टाकली. पानं जीवनसत्त्वाने भरून गेली, पण फुलांत बी धरेना. तेव्हापासून त्या अडसराला मी नावं ठेवत नाही.

हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आपला लेक काय म्हणाला होता? “म्हणजे बाबांसारखंच की! आत सगळं लिहिलेलं, बाहेर एक अक्षर नाही.” तू स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली होतीस. त्याला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी मात्र तू म्हणालीस, “तुम्ही दगड आहात. डोळ्यांत टिपूससुद्धा नाही.” मी उठून दारं लावून घेतली, पाणी भरलं, आलेल्यांना चहा दिला. तेवढंच जमलं.

प्रखर उजेडात पानाला जीवनसत्त्व जास्त लागतं. काल तशा दिव्यांखाली ठेवलेल्या, ओळ न कापलेल्या रोपांत तो अडसर आपोआप सुटल्याचं दिसलं. सगळे टाळ्या वाजवू लागले. मी व्हरांड्यात आलो आणि फोन लावला. निकाल आला की आधी लेकाला सांगायचं, ही इतक्या वर्षांची सवय. बोटांनी नंबर फिरवला, तेव्हा भानच नव्हतं. आणि कुणीतरी फोन उचलला.

तो नंबर आता दुसऱ्या कुणाला मिळाला आहे. आवाज तरुण होता. “कोण हवंय काका?” म्हणाला. मी लेकाचं नाव घेतलं. भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो, पोरासारखा. त्याने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “तुमच्याच घरातल्या का हो त्या? एक बाई रोज संध्याकाळी फोन करतात. पहिल्या दिवशी त्यांनीही हेच नाव घेतलं होतं. तेव्हापासून बोलत काहीच नाहीत, नुसता श्वास ऐकू येतो. मला आधी राग यायचा. आता मीही गप्प बसतो, त्यांनी ठेवेपर्यंत.”

तू करतेस हे मी कुणाला सांगणार नाही. करू नकोस, असंही म्हणत नाही. पोरगा भला आहे. एवढ्यासाठीच लिहितो आहे, की एखाद्या संध्याकाळी तो फोन मला कर. बोलायलाच हवं असं नाही. मीही ठेवणार नाही.

तुझाच