महायुद्ध येत्या पंधरवड्यात

३ मार्च, सोमवार
संपादकाने केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, तुमच्या ‘जगाचा पट’ला वाचक उरले नाहीत, त्या जागी शब्दकोडं टाकायचा विचार आहे. शब्दकोडं! जग दारूगोळ्याच्या कोठारावर बसलंय आणि याला आडवे-उभे शब्द सुचतायत. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय! शेवटी म्हणाला, शनिवारच्या अंकाला एक लेख द्या, मग ठरवू. म्हणजे या एका लेखावर कॉलम टिकणार. टिकणारच. उद्यापासून पहाटे उठून लिहायचं.

४ मार्च, मंगळवार
पहाटे उठायचं राहिलं. जगाची काळजी वाहणाऱ्याला झोप हवीच.
मेहुणा टपकला. म्हणे, दाजी, जुन्या महासत्तेच्या बोटी फिरल्या की तुम्ही गस्त लिहिता, नव्या महासत्तेच्या फिरल्या की घुसखोरी. असं का? मी म्हटलं, चेहऱ्यावरूनच कळतं. त्याने विचारलं, बोटींच्या? टाइल्स विकणाऱ्या माणसाशी काय डोकं लावायचं!

५ मार्च, बुधवार
हेडिंग तयार: ‘महायुद्ध येत्या पंधरवड्यात!’ उद्गारचिन्ह एक की दोन, यात सकाळ गेली. मजकूर काय, हातचा मळ.
दुपारी हिने पुन्हा बाथरूमच्या गळक्या नळाचं काढलं. म्हटलं, महायुद्ध तोंडावर आलंय आणि नळ काय घेऊन बसलीस! म्हणाली, मागच्या वर्षीही हेच सांगून नळ तसाच ठेवलात. बायकांना दूरदृष्टी नसते.

६ मार्च, गुरुवार
लेख झाला. काय उतरलाय! शेवटच्या परिच्छेदाला माझ्याच अंगावर काटा आला. ऑफिसला ईमेल केला. सोबत पान लावणाऱ्याला दम भरला: एक शब्द कापलास तर याद राख. या लोकांना असंच बोलावं लागतं. मग शनिवारपर्यंत फोन बंद ठेवायचं ठरवून झोपलो.

८ मार्च, शनिवार
छापून आला! अख्खं पान. पुन्हा पुन्हा वाचला. हेडिंग तेवढं बदललंय, ‘महायुद्ध उंबरठ्यावर!’ संपादकाची जुनी खोड. पण छापल्यावर लेख वेगळाच भारदस्त वाटतो. काही वाक्यं तर लिहिल्याचं आठवतही नाही. प्रतिभा म्हणतात ती हीच. मेहुण्याला फोटो पाठवला, त्याने नुसता अंगठा धाडला. जळतोय. शब्दकोडं गेलं खड्ड्यात.

१० मार्च, सोमवार
छाती काढून संपादकाकडे गेलो. पान लावणारा तिथेच, हसू दाबत उभा. माझ्या ईमेलला म्हणे लेख जोडलेलाच नव्हता. नुसता दम पोचला. फोन लावला तर बंद. पान रिकामं जायला नको म्हणून त्याने माझाच तीन वर्षांपूर्वीचा लेख टाकला. वर म्हणतो, सर, एकही शब्द कापला नाही.
संपादक म्हणाला, एकाही वाचकाने ओळखला नाही. तुम्हीसुद्धा नाही. मी म्हटलं, म्हणजे माझं लेखन कालातीत आहे. म्हणाला, अगदी! म्हणून तर आता नवं लिहू नका. जुने लेख ढीगभर पडलेत, तेच आलटून पालटून छापू. तुमचं नाव राहील. अर्ध्या पानावर ते, अर्ध्यावर शब्दकोडं.
माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग शब्दकोडीही जुनीच छापा की! तर म्हणाला, छे, ती वाचक लगेच ओळखतात.

संध्याकाळ
फार लागलं. हिला सगळं सांगितलं. उठून गळक्या नळाखालची भरलेली बादली बदलून आली. मग म्हणाली, आता मोकळेच आहात, तर उद्या प्लंबरला घेऊन या.